दारं धरणारा व्हॉल्व्ह

मार्चची दुपार. निफाड तालुक्यातल्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्या प्रीकूलिंगच्या खोलीत रचल्या जात आहेत. घड सकाळी खुडले, पण निवडून, तोलून, पेटीत भरेपर्यंत मण्यांच्या आतलं तापमान 28 अंशांवर गेलंय. सहा तासांत ते 4 अंशांपर्यंत उतरवायचं आहे. जितका वेळ घड गरम राहतो तितकं त्याच्या देठातलं पाणी उडत जातं, आणि देठ तपकिरी पडला की मणी कितीही टपोरे असोत, घड शिळा दिसतो.

आता हिशेब करू. 1 किलो द्राक्षं 1 अंशाने थंड करायला साधारण 3.6 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. खोलीत 5 टन माल असेल आणि तो 24 अंश उतरवायचा असेल, तर काढायची उष्णता होते 4,32,000 किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत जवळजवळ 1,300 किलो बर्फ वितळेल. सहा तासांवर वाटली तर सरासरी 20 किलोवॅट. पण इथे सरासरी फसवी आहे. पहिल्या तासात गरम माल भराभर उष्णता सोडतो, शेवटच्या तासात थेंब थेंब. हवा गार करणारी नळ्यांची कॉइल तीच, पंखे तेच, कॉम्प्रेसर तोच, पण अंगावरचं काम मात्र तासागणिक घटत जातं.

हे घटणारं काम ओळखून कॉइलला लागेल तेवढंच रेफ्रिजरंट, म्हणजे नळ्यांतून फिरून गारवा देणारं द्रव्य, पाठवणारी वस्तू मुठीत मावेल एवढी आहे. पितळेची, ना वायर, ना बॅटरी. तिचं नाव थर्मोस्टॅटिक एक्सपान्शन व्हॉल्व्ह. मिस्त्री लोक नुसतं ‘एक्सपान्शन’ म्हणतात, आणि कुलिंग बिघडलं की पहिला संशय बहुतेक वेळा त्याच्यावरच घेतात. माझा अनुभव असा, की दहातल्या आठ वेळा बिचारा निर्दोष असतो. तो नेमकं काय बघतो आणि काय बघत नाही हे एकदा कळलं, की बऱ्याच तक्रारींचं मूळ दुसरीकडे सापडतं.

थंडावा येतो कुठून, तर उकळण्यातून. पातेल्यातलं पाणी उकळताना शेगडीची उष्णता खातं, तसं कॉइलच्या नळ्यांत रेफ्रिजरंट उकळतं आणि खोलीतल्या हवेची उष्णता खातं. फरक एवढाच, की ते फार कमी तापमानाला उकळतं. आर-134ए हे रेफ्रिजरंट आपल्या रोजच्या हवेच्या दाबाला उणे 26 अंशांवर उकळतं. दाब वाढवला की उकळण्याचं तापमान वाढतं: 2.43 बारला उणे 5, 2.93 बारला 0, आणि साधारण 10 बारला 40 अंश. (हे सगळे निरपेक्ष दाब आहेत, गेजवर साधारण 1 बार कमी दिसेल.) दाब सांगा, उकळण्याचं तापमान सांगतो, अशी ही घट्ट जोडी आहे. पुढचा सगळा खेळ याच जोडीवर चालतो.

वाफेचा पुन्हा द्रव करणाऱ्या कंडेन्सरकडून 40 अंशांचा द्रव व्हॉल्व्हपाशी येतो. बारीक भोकातून पलीकडे गेला की दाब एकदम कोसळतो आणि द्रवाचा काही भाग तिथल्या तिथे वाफ होऊन उरलेल्याला उणे 5 अंशांपर्यंत गार करतो. आपल्या उदाहरणात वजनाने जवळजवळ 30 टक्के रेफ्रिजरंट असं दारातच खर्ची पडतं. उरलेला 70 टक्के द्रव कॉइलमध्ये पुढे सरकतो, उकळत जातो, आणि खरं काम तोच करतो.

प्रश्न हा, की त्याला किती आत सोडायचा?

ज्यांनी रात्रीच्या लाइटीला उठून दारं धरली आहेत त्यांना हे उत्तर वेगळं शिकवावं लागणार नाही. पाटाचं पाणी सरीत सोडलं, की एकाने दाराशी फावडं घेऊन थांबायचं आणि दुसऱ्याने सरीच्या शेवटाला. पाणी लवकर बंद केलं तर शेवटची रोपं कोरडी राहतात, उशिरा केलं तर बांध फोडून शेजारच्या वावरात जातं. म्हणून शेवटाला उभा असलेला माणूस ओल कुठवर आली ते बघतो आणि हाक देतो: ‘फोड’ किंवा ‘बांध’.

कॉइल म्हणजे ती सरी. द्रव कमी पडला तर तो मध्येच उकळून संपतो, पुढच्या नळ्यांतून नुसती वाफ फिरते, आणि पैसे मोजून घेतलेल्या कॉइलचा अर्धा भाग फुकट जातो. जास्त झाला तर न उकळलेला द्रव सक्शन लाइनमधून, म्हणजे कॉइलकडून येणाऱ्या नळीतून, थेट कॉम्प्रेसरमध्ये शिरतो, आणि तिथे पिकाऐवजी यंत्र मरतं. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. सिलिंडरमध्ये द्रव आला की पिस्टन भिंतीवर आपटल्यासारखा आपटतो, कॉम्प्रेसरच्या आतल्या व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात. तेवढा आला नाही तरी थोडा थोडा येणारा द्रव बेअरिंगवरचं तेल धुऊन नेतो आणि कॉम्प्रेसर काही महिन्यांत आतून झिजतो.

सरीच्या शेवटाला उभ्या माणसाला ओल डोळ्यांना दिसते. तांब्याच्या बंद नळीत काय दिसणार? इथेच त्या जोडीचा उपयोग. द्रव उकळत असेपर्यंत त्याचं तापमान उकळण्याच्या तापमानावरच अडून राहतं, पातेल्यात पाणी आहे तोवर ते 100 च्या वर जात नाही तसं. शेवटचा थेंब संपला, की मग वाफ तापू लागते. म्हणजे कॉइलमधून बाहेर पडणारी वाफ उकळण्याच्या तापमानापेक्षा 5 अंशांनी गरम असेल, तर द्रव कॉइलच्या आतच, शेवटाच्या थोडं अलीकडे संपला हे नक्की. या जास्तीच्या तापमानाला सुपरहीट म्हणतात. शून्य सुपरहीट म्हणजे बांधापर्यंत पाणी आलं. 15 अंश म्हणजे सरीचा मोठा तुकडा कोरडा.

आता व्हॉल्व्ह उघडून बघू. डोक्यात पत्र्याचा पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅम. त्याच्या खाली एक दांडी, दांडीच्या टोकाला भोक उघडझाप करणारी सुई, आणि तिला बंद करू पाहणारी स्प्रिंग. पडद्याच्या वरच्या बाजूकडून केसासारखी बारीक नळी निघते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला असतो बल्ब: बोटाएवढी तांब्याची बंद नळकांडी. हा बल्ब कॉइलच्या शेवटी सक्शन लाइनला पट्टीने आवळलेला असतो. सरीच्या शेवटाला उभा राहणारा माणूस तो हाच.

बल्बमध्येही रेफ्रिजरंट असतं. हिशेब सोपा जावा म्हणून तिथेही आर-134ए आहे असं धरू. सक्शन लाइन जितकी गरम, तितका बल्बमधला दाब जास्त, आणि तो पडदा खाली ढकलून भोक उघडतो. त्याच्या विरोधात दोघं: कॉइलमधला दाब आणि स्प्रिंग. कॉइलमध्ये रेफ्रिजरंट उणे 5 ला उकळतंय, दाब 2.43 बार. स्प्रिंगचा जोर 0.50 बार. दोन्ही मिळून 2.93. बल्बमध्ये 2.93 बार केव्हा होईल? तो 0 अंशांवर असेल तेव्हा. म्हणजे सक्शन लाइन 0 अंश, उकळणं उणे 5, सुपरहीट 5. पडदा स्थिर, सुई जागच्या जागी.

पेट्यांचा नवा गरम घास आत आला, की द्रव लवकर उकळून संपतो, शेवटची नळी 3 अंशांवर जाते, बल्ब जोर करतो आणि भोक आणखी उघडतं. सहाव्या तासात माल गार झाला, की द्रव शेवटापर्यंत पोचू लागतो, नळी गार पडते, बल्बचा जोर ओसरतो आणि स्प्रिंग भोक आवळते. विजेशिवाय, दिवसरात्र. मला या रचनेबद्दल आजही आदर वाटतो. डेन्मार्कमधल्या आल्स बेटावर मॅड्स क्लाउसेन यांनी 1933 मध्ये आपल्या आईवडिलांच्या शेतघरात जो उद्योग सुरू केला, तो अशाच व्हॉल्व्हपासून. पुढे त्याचं डॅनफॉस झालं. आज इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह आले आहेत. ते सेन्सर आणि छोट्या मोटरने हेच काम जास्त बारकाईने करतात, पण प्रश्न तोच विचारतात: सुपरहीट किती?

एवढ्या सगळ्यात खोलीचं तापमान कुठेच आलं नाही, हे लक्षात आलं का? व्हॉल्व्हला ते माहीतच नसतं. खोली 0 ची हवी की 10 ची, हे थर्मोस्टॅट ठरवतो. व्हॉल्व्ह फक्त कॉइल भरलेली ठेवतो. तरीही खोली गार होईना म्हटलं की कुणीतरी पाना घेऊन व्हॉल्व्हचा स्क्रू पिळतो. त्या स्क्रूने स्प्रिंगचा जोर बदलतो, म्हणजे सुपरहीट बदलते, दुसरं काही नाही. बहुतेक व्हॉल्व्हमध्ये घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुपरहीट वाढते, म्हणजे कॉइल उलट जास्त उपाशी राहते.

द्राक्षांच्या खोलीत याची किंमत देठ मोजतात. द्राक्षांना 0 ते 1 अंश तापमान आणि 90 ते 95 टक्के आर्द्रता लागते. हवेत ओल टिकवायची तर कॉइल हवेपेक्षा फार गार असून चालत नाही, नाहीतर हवेतली वाफ तिच्यावर बर्फ होऊन बसते. म्हणून अशा खोलीत हवा 1 अंश आणि उकळणं उणे 5, एवढाच म्हणजे 6 अंशांचा फरक ठेवतात. आता विचार करा: कॉइलवर येणारी हवाच 1 अंशाची असेल तर नळीतली वाफ त्यापेक्षा गरम होणार कशी? सुपरहीट फार तर 6 पर्यंत जाईल. कुणी स्क्रू पिळून व्हॉल्व्हला 8 अंशांची सवय लावली असेल, तर तो नीट उघडणारच नाही. सक्शनचा दाब आणखी खाली जातो, कॉइल उणे 10, उणे 12 ला पोचते, तेव्हा कुठे त्याला हवे ते 8 अंश मिळतात. खोली कशीबशी गार होते, पण कॉइलवर बर्फ चढतो, हवा कोरडी पडते, आणि महिनाभराने पेटी उघडली की देठ तपकिरी. तेव्हा बोलणी बागायतदाराला खावी लागतात. हवा आणि उकळण्याच्या तापमानातला जो फरक, त्याच्या साधारण 60 ते 70 टक्के सुपरहीट हा ढोबळ नियम म्हणून मला फार उपयोगी वाटतो. 6 अंशांचा फरक असेल तर 4.

मग आणखी कमी, 1-2 अंश का ठेवू नये? कॉइल पूर्ण भरेल की. इथे पुन्हा सरी आठवावी. दाराशी पाणी बांधलं तरी सरीत चालू असलेलं पाणी पुढे येतच राहतं. शेवटाला उभ्या माणसाने पाणी अगदी पायाशी आल्यावर हाक दिली तर बांध फुटणारच. व्हॉल्व्हने भोक आवळल्यावर त्याचा परिणाम बल्बपर्यंत पोचायला वेळ जातो, तोवर द्रव सक्शन लाइनमध्ये शिरलेला असतो. बल्ब एकदम गार पडतो, व्हॉल्व्ह घाबरून बंद होतो, कॉइल कोरडी पडते, बल्ब तापतो, व्हॉल्व्ह सताड उघडतो. सक्शन गेजचा काटा खालीवर झुलू लागतो. याला हंटिंग म्हणतात. प्रत्येक झोक्याला थोडा द्रव कॉम्प्रेसरकडे जातो.

प्रत्येक कॉइलची एक हद्द असते, तिच्याखाली सुपरहीट उतरवली की काटा झुलतोच. ती हद्द कामाच्या बोजाबरोबर बदलते, म्हणून स्क्रू नेमका कुठे थांबवायचा हे खोलीत माल असताना, काटा बघतच ठरवावं लागतं. पाव फेरा फिरवायचा आणि वीस मिनिटं थांबायचं. वीस मिनिटं थांबण्याचा धीर नसेल त्याने स्क्रूला हात लावू नये. भोक गरजेपेक्षा मोठं बसवलं असेल तर मात्र स्क्रूने काही होत नाही. पहिल्या तासाला पुरेल म्हणून भलं मोठं भोक घातलेला व्हॉल्व्ह सहाव्या तासात जरा हलला तरी पूर सोडतो. अनेक व्हॉल्व्हमध्ये भोकाचा तुकडा वेगळा मिळतो, तो लहान घालावा.

बल्बची जागा हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. तो आडव्या, सरळ नळीवर हवा. वळणावर नको, जिथे तेल साचतं तिथे नको. नळी बारीक असेल तर वरच्या अंगाला, घड्याळात बारा किंवा एक वाजतात तिथे. नळी पाऊण इंचाच्या वर गेली, की चार किंवा आठ वाजतात त्या बाजूला. तळाला कधीच नाही, कारण तळाने तेल वाहतं आणि ते बल्बला वाफेचं खरं तापमान कळू देत नाही. नळी घासून चकचकीत करायची, बल्ब धातूच्या पट्टीने आवळायचा आणि वरून इन्सुलेशन गुंडाळायचं. बल्ब सैल राहिला तर तो नळीऐवजी खोलीची हवा मोजतो, आणि हवा नेहमीच नळीपेक्षा गरम. शेवटाचा माणूस झोपेत ‘फोड, फोड’ ओरडत राहतो.

मोठ्या कॉइलमध्ये आणखी एक मेख आहे. व्हॉल्व्हमधून निघालेलं मिश्रण वजनाने 30 टक्के वाफ असलं, तरी जागेच्या हिशेबात 98 टक्के वाफच असते. अशा मिश्रणातला द्रव दहा-बारा नळ्यांत सारखा वाटायला वाटप करणारा तुकडा, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर लागतो, आणि त्यातून जाताना दाब पडतो. समजा व्हॉल्व्हच्या तोंडाशी 2.43 बार आहे आणि कॉइलच्या शेवटाला 2.01, म्हणजे उणे 10. साधा व्हॉल्व्ह पडद्याखाली तोंडाजवळचा 2.43 घेतो, त्यात स्प्रिंगचे 0.50 मिळवतो, आणि बल्ब 0 अंशांवर येईपर्यंत थांबतो. पण शेवटाला उकळणं उणे 10 ला आहे. म्हणजे 5 ऐवजी 10 अंशांची सुपरहीट, आणि मिस्त्रीने तर स्क्रूला हातही लावलेला नाही. यावर उपाय म्हणून बाहेरच्या इक्वलायझरचा व्हॉल्व्ह असतो. त्याची एक बारीक नळी बल्बच्या पुढे सक्शन लाइनला जोडतात आणि पडद्याखाली शेवटाचाच दाब आणतात. मग हिशेब 2.01 अधिक 0.50, म्हणजे 2.51, आणि सुपरहीट 6 च्या आत. डिस्ट्रिब्यूटर असेल तिथे ही नळी हवीच. जोडायचा कंटाळा म्हणून तिचं तोंड बुजवलेलं मी पाहिलं आहे. ते कधीही करू नये.

आणि व्हॉल्व्हला द्रव मिळाला तरच तो वाटणार. लिक्विड लाइनमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हपर्यंत द्रव आणणाऱ्या नळीत, बुडबुडे असतील, गॅस म्हणजे रेफ्रिजरंट कमी असेल, ओलावा शोषणारा ड्रायर तुंबला असेल, तर भोक सताड उघडूनही सुपरहीट चढतच राहते. त्या नळीवरच्या काचेच्या खिडकीत, म्हणजे साइट ग्लासमध्ये, फेस आणि व्हॉल्व्हमधून फुसफुस आवाज ही त्याची खूण. सिस्टीममध्ये ओलावा राहिला असेल तर तो नेमका भोकाशी गोठतो. मशीन बंद ठेवल्यावर बर्फ वितळतो, पुन्हा थोडा वेळ छान चालतं, पुन्हा अडतं. असं झालं की व्हॉल्व्ह नको, ड्रायर बदला आणि व्हॅक्यूम नीट काढा.

म्हणून पाना हातात घेण्याआधी दोन आकडे घ्यावेत. बल्बजवळचा सक्शन दाब, आणि बल्बजवळच्या नळीचं तापमान. दाबावरून तक्त्यात उकळण्याचं तापमान बघायचं आणि नळीच्या तापमानातून ते वजा करायचं. पाच मिनिटांचं काम.

ज्या पॅकहाउसपासून सुरुवात केली तिथे त्या हंगामात एक कॉम्प्रेसर गेला होता आणि व्हॉल्व्ह दोनदा बदलून झाला होता. तरी काटा झुलत होता. दोन आकडे घेतले तर सुपरहीट एका मिनिटात 1 अंश, दुसऱ्यात 9. कॉइलचं झाकण उघडून आत हात घातला तर बल्ब बोटाने फिरत होता. कॉइल धुताना कुणीतरी इन्सुलेशन काढलं होतं, आणि धातूच्या पट्टीऐवजी प्लॅस्टिकची टाय होती, ती ढिली पडलेली. नळी घासली, बल्ब चार वाजतात तिथे तांब्याच्या पट्टीने आवळला, वरून इन्सुलेशन गुंडाळलं. स्क्रूला हात लावला नाही. संध्याकाळी नवा माल आत गेला तेव्हा गेजचा काटा थोडा चढला, आणि मग रात्रभरात हळूहळू 1.4 बारवर येऊन तिथेच थांबला.